मी माझी सुधारणा मागे घेतो

आमच्या भागात आमदाराची परीक्षा तीन ठिकाणी होते. लग्नात अक्षता पडायच्या आधी पोचला का, मयत झाली तर मातीला आला का, आणि राख सावडायला पुन्हा आला का. रस्ता, पाणी, विजेची डीपी हे विषय त्यानंतरचे. माझे यजमान आमदार होते तेव्हा या तिन्ही परीक्षांत ते जेमतेम काठावर पास व्हायचे, कारण त्यांचा जीव अडकला होता चौथ्याच विषयात, जो कुणी अभ्यासक्रमात धरलेलाच नव्हता. ते विधेयकांना सुधारणा मांडायचे.

मी कळंबच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. विधेयकाचा कायदा कसा होतो, यावर पुस्तकात एक धडा होता आणि तो मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे. धड्यात सगळं सरळ होतं. सरकार विधेयक आणतं, सदस्य त्यावर विचार करतात, सुधारणा सुचवतात, मतदान होतं. प्रत्यक्षात काय होतं ते मला यांच्याकडून कळलं, तोवर शिकवण्याची सवय इतकी झाली होती की मी धडा बदलला नाही.

प्रत्यक्षात असं व्हायचं. हे अधिवेशनाच्या आधी विधेयक वाचायचे, पेन्सिलीनं खुणा करायचे, अमक्या ओळीतले अमके शब्द वगळून तमके शब्द घालावेत अशी सुधारणा लिहून द्यायचे. विधेयकाचा तो खंड, म्हणजे कलम, पुकारला की उभं राहून ती मांडायची. मग मंत्री उठायचे आणि म्हणायचे, ‘सन्माननीय सदस्यांची भावना अतिशय योग्य आहे.’ हे वाक्य आलं की नकार आला असं समजायचं. पुढे मंत्री म्हणायचे, शासन याचा सकारात्मक विचार करील, तरी सदस्यांनी सुधारणा मागे घ्यावी. मग हे हात जोडून म्हणायचे, ‘मंत्रिमहोदयांच्या आश्वासनाचा आदर ठेवून मी माझी सुधारणा मागे घेतो.’ अध्यक्ष विचारायचे, अनुमती आहे का. सभागृह म्हणायचं, आहे. संपलं.

‘मागे घ्यायचीच असते तर मांडता कशाला?’ मी एकदा विचारलं.

‘मतदानाला नेली तर पडते. वर मंत्री नाराज होतो, आणि पुढच्या महिन्यात आपल्यालाच त्याच्या दारात उभं राहायचं असतं.’

‘मग उपयोग काय?’

‘रेकॉर्डवर येतं.’

‘रेकॉर्ड कोण वाचतं?’

‘कुणी वाचत नाही. येतं पण.’

मला पटलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पंगतीचा दाखला दिला. पंगतीत बुंदीची बादली घेऊन वाढपी येतो. तो ‘घ्या’ म्हणायच्या आत आपला हात पानावर आडवा होतो. आपल्याला बुंदी नको असते असं नाही, आणि त्याला ती वाढायचीच असते असंही नाही. दोघांनी आपापलं काम केलं की तो पुढच्या पानाकडे जातो. विधिमंडळ म्हणजे हेच, फक्त तिथं बुंदी नसते.

यांची ही सवय घरातही आली. जेवताना म्हणायचे, ‘आजच्या आमटीत “मीठ” हा शब्द वगळून “थोडं मीठ” हे शब्द घालावेत.’ मी म्हणायचे, विचार करू. ते म्हणायचे, मग मागे घेतो. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांची एकही सुधारणा मतदानाला जाऊ दिली नाही.

ते कधी सत्तेच्या बाजूला बसले, कधी समोर. सुधारणा दोन्हीकडून मांडल्या आणि दोन्हीकडे मागे घेतल्या. एकही मान्य झाली नाही. आमचा ड्रायव्हर गाडी चालवता चालवता आरशात बघून म्हणायचा, ‘साहेब, सुधारणा मांडून कुणाचं पोट भरतंय? त्यापरीस दोन मातीला गेलो असतो.’ हे नुसती मान हलवायचे. त्याच्याही म्हणण्याचा सकारात्मक विचार चालू असायचा.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका सकाळी आमच्याकडच्या वाशीच्या वाटेवरच्या एका गावची सरपंच आमच्या दारात आली. पंचविशीतली मुलगी, डोक्यावर पदर, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. सरपंच आली की मागे चार माणसं असतात आणि पुढे सभामंडपाची मागणी असते. ही एकटी आली होती आणि तिला सभामंडप नको होता.

‘वहिनी, साहेब हायेत का? मला एक कायदा विचारायचाय.’

घरात हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. हे अर्धी दाढी झालेली असतानाच बाहेर आले.

कात्रणात येऊ घातलेल्या एका विधेयकाची बातमी होती. ज्याच्या कुटुंबानं सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं असेल, त्याला ग्रामपंचायतीच्या पदावर राहता येणार नाही, असं त्यात होतं. अतिक्रमण कधीचं, कुणाचं, याला काही महत्त्व नाही. मागाहून पाडून टाकलं तरी सुटका नाही. या मुलीच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी गायरानाच्या कडेला बैलांचा गोठा बांधला होता.

‘गोठा बांधला तवा माझं दुधाचं दात बी पडलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मी तर माहेरी व्हते. मला काय ठाव, मोठी झाल्यावर कुठल्या गोठ्यात येणार हाय.’

गावात तिच्याकडून हरलेला एक माजी सरपंच होता. त्यानं गोठ्याचे फोटो चारी बाजूंनी काढून ठेवले होते, कायदा व्हायचीच वाट होती. खरं दुखणं वेगळं होतं. तिनं वरच्या आळीला नळाची लाइन न्यायचं काम सुरू केलं होतं आणि चर खणत खणत मारुतीच्या देवळापर्यंत आला होता. माजी सरपंचाचं घर देवळाच्या अलीकडे. पाणी आपल्या दारापर्यंत आलं म्हणजे गावाला आलं, असं त्याचं मत होतं. ती पायउतार झाली की चर बुजणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन तो चर रोज ओलांडत होत्या.

त्यानंतर काही दिवस हे कुणाच्याही लग्नाला गेले नाहीत. टेबलावर विधेयक पसरून बसायचे. शेवटी एक सुधारणा तयार झाली: कुटुंबानं अतिक्रमण केल्यानंतर जी स्त्री लग्न होऊन त्या कुटुंबात आली, तिला हा नियम लागू होणार नाही. त्यांनी ती मला वाचून दाखवली. नेहमी मी स्वयंपाकघरातूनच ‘बरी आहे’ म्हणायचे. त्या दिवशी बाहेर येऊन बसले आणि पुन्हा वाचायला लावली. आपल्याकडची निम्मी माणसं दुसऱ्याच्या घरात जन्म काढतात आणि तिथल्या भिंती कुणी कुठे घातल्या हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत इतकी स्वच्छ बसेल असं मला वाटलं नव्हतं. मला यांचा अभिमान वाटला. मी तसं म्हटलंही.

‘या वेळेला मागे घेणार नाही,’ ते म्हणाले. ‘मंत्री काहीही म्हणू दे. मतदान मागणार. पडली तर पडली.’

विधेयक ज्या दिवशी येणार होतं त्या दिवशी सरपंचानं मला गावात बोलावलं. कामकाज इंटरनेटवर दिसतं, सगळे मिळून बघू म्हणाली. यांनीही फोनवर ‘जा, जा’ म्हटलं. आपली सुधारणा बघायला कुणीतरी बसणार आहे, याचाच त्यांना आनंद झाला होता.

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरला ऑपरेटरनं स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडलं होतं. मोबाईल खिडकीच्या गजात अडकवलेला, कारण रेंज तेवढ्याच जागी येत होती. मला खुर्ची दिली. वरच्या आळीतल्या बायका सतरंजीवर बसल्या. दारात सरपंचाचे सासरे धोतराचा सोगा धरून उभे होते, आत या म्हटलं तरी येत नव्हते. ‘गोठा म्या बांधला,’ ते मला म्हणाले. ‘मला घाला की आत. सुनंला कशापायी?’ त्याचं उत्तर मुंबईत उभं राहणार होतं.

खंड पुकारला गेला. हे उठले. थोडक्यात बोलले आणि छान बोलले. चित्र मध्येच थिजत होतं, पण आवाज येत होता. सतरंजीवरच्या एका म्हातारीनं ‘आपल्यावानीच बोलतंय की’ असा शेरा मारला.

मग मंत्री उठले आणि म्हणाले, ‘सन्माननीय सदस्यांची भावना अतिशय योग्य आहे.’

मी नकार आला असंच धरलं. पण मंत्री पुढे म्हणाले की हा मुद्दा शासनाच्या नजरेतून सुटला होता, सदस्यांनी तो लक्षात आणून दिला, आणि शासन ही सुधारणा स्वीकारत आहे. अगदी स्पष्ट म्हणाले. खिडकीतल्या रेंजनंही या वेळी दगा दिला नाही. सरपंचानं माझा हात धरला.

हे उभे राहिले. हात जोडले. ‘मंत्रिमहोदयांच्या आश्वासनाचा आदर ठेवून,’ ते म्हणाले, ‘मी माझी सुधारणा मागे घेतो.’

अध्यक्षांनी एकदा यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, अनुमती आहे का. सभागृह म्हणालं, आहे. सभागृहाला तरी दुसरं काय म्हणायची सवय होती. त्याच दमात खंड मंजूर झाला आणि पुढचा पुकारला गेला. शेजारच्या सदस्यानं यांच्या बाहीला धरून काहीतरी सांगितलं. हे पुन्हा उठले, पण मंजूर झालेला खंड परत उघडत नाहीत. अध्यक्ष ‘बसा, बसा’ म्हणत होते. मग चित्र थिजलं. हे अर्धवट उभे, तोंड उघडं, एक हात वर, असे बराच वेळ त्या कॉम्प्युटरवर राहिले. बंद करायचं कुणाला सुचेना.

दारातून सासऱ्यांनी विचारलं, ‘काय झालं गं?’

सरपंचानं माझा हात सोडला. ‘सरकारनं व्हय म्हणलं मामा,’ ती म्हणाली. ‘आपल्या साहेबांनी न्हाय म्हणलं.’

मग तिनं मला चहा विचारला. मी घेतला. घ्यायला नको होता, पण नाही म्हणायची सुद्धा हिंमत होईना. मला लाज वाटत होती. राग नंतर, गाडीत आला, आणि तो त्या आठवड्यात काही गेला नाही.

शनिवारी हे घरी आले. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. आमटी अळणी होती, पण यांनी कुठलीही सुधारणा मांडली नाही. हात धुऊन आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, ‘म्या ऐकलंच न्हाय गं.’ यांची गावची बोली लग्नानंतर मी फार थोड्या वेळा ऐकली होती. ‘इतक्या वर्षांत कुणी व्हय म्हणलंच न्हाय. “योग्य भावना” म्हणलं की माझं कान बंद व्हायचं. हात आपसूक जोडलं गेलं.’

मी म्हटलं, ‘हे मला सांगू नका. त्या पोरीला जाऊन सांगा.’

‘सांगणार. पण रिकाम्या हातानं कसा जाऊ?’

माझ्या धड्यात हेही होतं, फक्त मी विसरले होते. आपल्याकडे दोन सभागृहं आहेत. विधेयक विधानसभेत मंजूर झालं की विधान परिषदेत जातं आणि तिथंही सुधारणा मांडता येते. मात्र ती तिथल्या सदस्यानं मांडावी लागते. आमच्या जिल्ह्यातले परिषदेचे एक सदस्य होते. त्यांचं आणि यांचं इतकं सख्य होतं की एकाच्या गाडीची चाहूल लागली की दुसरा लग्नातून मागच्या दारानं निघायचा. हे त्यांच्याकडे गेले. स्वतःच्या हातानं लिहिलेली सुधारणा त्यांच्यापुढे ठेवली.

ते सदस्य म्हणाले, ‘मांडतो. पण माझी म्हणून मांडणार. पुढं कुठल्या सभेत तुम्ही म्हणायचं नाही की ही मूळची माझी.’

‘नाही म्हणणार,’ हे म्हणाले.

हे ऐकून मी भांडले. म्हटलं, निदान दोघांचं नाव तरी म्हणायचं होतं. हे म्हणाले, ‘रेकॉर्डवर मी ती मागे घेतलेली आहे. नाव कशाला लावू?’

परिषदेत सुधारणा आली, त्याच मंत्र्यांनी स्वीकारली, त्या सदस्यांनी हात जोडले नाहीत. विधेयक बदलल्यामुळे पुन्हा विधानसभेकडे संमतीसाठी आलं. त्या दिवशी सरपंचाचा फोन आला, ‘वहिनी, या.’ मला जायचं नव्हतं. एकदा पोळलेलं होतं. तरी गेले. सतरंजी तीच, बायका त्याच, मोबाईल त्याच गजात. या वेळीही मला खुर्ची दिली, चहाचं मात्र कुणी नाव काढलं नाही.

यांना बोलायचं काही नव्हतं. बोलायला उठायचं कारण नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. सगळं सभागृह म्हणालं, ‘होय.’ ते थांबलं. आणि ते थांबल्यावर, मागच्या बाकांवरून कुठून तरी, एकटा, चढा आवाज आला. ‘व्हय.’

सभागृहात थोडा हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, होयचं बहुमत आहे. आवाजी मतदानात कुणाचंही नाव लिहीत नाहीत. ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारीनं पाहिलं, सासऱ्यांनी दारातून पाहिलं. मी कॉम्प्युटरकडेच बघत राहिले, कारण यांनी शब्द दिला होता.

गावानं परिषदेच्या सदस्यांचा सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. बॅनरवर ते कमरेपर्यंत होते आणि यांचा फोटो खाली कोपऱ्यात तिकिटाएवढा, शुभेच्छुकांत. हे गेले आणि पहिल्या रांगेत बसले. सदस्य म्हणाले की हा विचार त्यांना एका पहाटे देवपूजा करताना सुचला. हे सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होते. मी शेजारी बसून पदराचं टोक पिळत होते.

पुढची निवडणूक हे हरले. समोरच्या उमेदवारानं गावोगाव तो व्हिडिओ दाखवला, हात जोडून सुधारणा मागे घेतानाचा. बायकांच्या हक्काची सुधारणा मागे घेणारा आमदार, असं ते भाषण असायचं. मी म्हटलं, आता तरी बोला. हे म्हणाले, ‘काय बोलू? त्यानं खोटं कुठं सांगितलं?’ निकालानंतर ते तालुक्यातल्या सगळ्या लग्नांना वेळेवर पोचू लागले. त्याचा आता उपयोग नव्हता.

वरच्या आळीला पाणी आलं तेव्हा सरपंच आम्हा दोघांनाही बोलवायला आली. हे ओसरीवरूनच म्हणाले, ‘मला कशाला? मी कोण आता? ज्यांनी केलं त्यांना बोलवा.’

‘त्यांना शाल दिली की,’ ती म्हणाली. ‘त्यांचं फिटलं.’ मग म्हणाली, ‘साहेब, समदे म्हणून झाल्यावर मागनं एक व्हय आला व्हता. ते बी आमी ऐकलंय. असा व्हय म्हणणारा मुंबईच्या त्या घरात दुसरा कोण हाय?’

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शपथेवर मान हलवली की मी सांगितलेलं नाही.

नळ सासऱ्यांनी उघडला. बायकांनी घागरी लावल्या, त्यात भांडण झालं, ते मिटलं. मग चर बुजवून सपाट केलेल्या जागेवर पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी. बुंदीची बादली सरपंचानं स्वतःकडे ठेवली होती. ती वाढत वाढत यांच्या पानासमोर आली आणि ती काही म्हणायच्या आत यांचा हात पानावर आडवा झाला.

ती पुढे गेली नाही. बादली घेऊन तिथंच उभी राहिली. पंगत तिच्यासाठी थांबली, मागून कुणीतरी ‘काय झालं?’ विचारलं.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘आधी ऐका. वाढू का?’

यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तो उचलून मांडीवर ठेवला. ‘व्हय,’ म्हणाले. तो शेजारच्या दोन पानांना तरी ऐकू गेला असावा.

तिनं दोन डाव वाढले आणि पुढे सरकली. यांना साखरेचा त्रास आहे, गोड बंद आहे. मी हरकत घेतली नाही.